सविताने तुला काय सांगितलं

तुझ्या दारात चपला काढल्या आणि आत गेलो. तुझी बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "आपण?"

"वसंत," मी म्हटलं. "कैनाडला चिकूची वखार आहे माझी."

तिने शेजारी बसलेल्या मुलीकडे बघितलं. मुलीने मान हलवली, माहीत नाही म्हणून. कुणीतरी सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली. तीन वर्षं तू दर सोमवारी माझ्या वखारीत येत होतास, माझा चहा पीत होतास, आणि तुझ्या घरात माझं नावसुद्धा पोचलेलं नव्हतं. लोक तुझ्या फोटोकडे बघून डोळे पुसत होते. मला तुझा राग येत होता.

तू होतास तोवर मी तुला प्रभाकर सर म्हणायचो, अहोजाहो करायचो. आता अरेतुरे करतो. भांडायचं असलं की तेच बरं पडतं, आणि आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

भांडण सविताचं, माझ्या मुकादमबाईचं. तिने तुला काहीतरी सांगितलं होतं, ते तू मला सांगितलं नाहीस. गुरुवारी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. इकडे झरीपासून कैनाडपर्यंत जमीन हलते आहे, माझ्या वखारीत वीस-पंचवीस बाया पत्र्याच्या छपराखाली बसून चिकू निवडतात, आणि त्यांच्या मुकादमबाईच्या मनात काय खुपतंय हे कळलेला माणूस एकच होता. तो तू. मला सारखं वाटत राहिलं की ते जे काही आहे ते माझ्याच छपराखालचं आहे.

तुला पहिल्यांदा पाठवलं ते वापीच्या एका कंपनीने. माझे चिकू घेऊन, त्यांच्या चकत्या वाळवून विकायची. त्यांच्या साहेबाने फोनवर सांगितलं की माल देणाऱ्या सगळ्यांकडे आम्ही कोच पाठवतो आहोत, कामगारांच्या विकासासाठी, त्यांच्या मनाच्या आरोग्यासाठी. मी विचारलं, "क्रिकेटचा कोच?" तो हसला नाही.

मग स्कूटरवरून तू आलास. बोईसरच्या कारखान्यात जन्मभर नवी माणसं तयार केलेला, नुकताच रिटायर झालेला. मी तुला वखार फिरवून दाखवली. तू माल बघितलाच नाहीस, माणसं बघत राहिलास. तेवढ्यात एका हमालाने क्रेट आपटला आणि मी त्याच्यावर ओरडलो. मी डहाणू स्टेशनवर करंड्या उचलत मोठा झालो. हळू बोलणाऱ्याची करंडी तिथे गाडीत चढत नसे. तेव्हाचा आवाज आहे, तो बसलेला नाही.

तू विचारलंस, "आता याला काय कळलं?"

"क्रेट आपटायचा नाही, हे."

"की तुम्ही बघताना आपटायचा नाही, हे?"

तुला तिथूनच परत पाठवणार होतो. कंपनीचा माल तुंबला असता म्हणून गप्प बसलो.

पुढल्या वर्षी कंपनीचा साहेब बदलला आणि तुझं येणं बंद झालं. तेव्हा मीच तुला फोन केला, हे कुणाला माहीत नाही. कारण साधं होतं. दरवर्षी सीझन भरात आला की माझ्या बाया उंबरगावच्या कारखान्यांकडे पळायच्या. तू येत होतास त्या सीझनला एकही गेली नाही. मी धंदेवाला माणूस, जे चालतं ते टाकत नाही. मी तुला मुद्दाम पडता भाव सांगितला, तू वाढवशील, मग मधे कुठेतरी येऊ, या हिशेबाने. तू म्हणालास, "चालेल."

ते मला अजून लागून राहिलं आहे. पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस समोरच्याला उघडं पाडतो. माझी सगळी तयारी वाया घालवलीस तू.

वर एक अट घातलीस. खुर्चीवर जे बोललं जाईल ते खुर्चीवरच राहील, मालकालाही कळणार नाही. मी लगेच मान्य केलं. ज्या अटीला पैसा लागत नाही तिच्यावर मी फार विचार करत नाही. ती अट एवढी महाग पडेल असं वाटलं नव्हतं.

खुर्च्या म्हणजे वखारीच्या मागच्या बाजूला, चिकूच्या झाडांखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. समोरासमोर नाही, शेजारी शेजारी, तोंडं बागेकडे. बोलणाऱ्याला तुझ्या डोळ्यांत बघावं लागू नये म्हणून. हमाल, बाया, टेम्पोवाला, एकेकाने येऊन बसायचं.

"आणि मालक?" मी विचारलं होतं.

"मालक आधी."

भाव सांगून झाला की गप्प बसायचं, हे मला धंद्याने शिकवलं. जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो. तू विचारलंस, "वसंतराव, बरं चाललंय?" आणि गप्प झालास. मला वाटलं, आला हा भाव करायला. मग मीही गप्प. आपण दोघं बागेकडे बघत बसलो, कितीतरी वेळ. शेवटी ट्रक आला म्हणून मला बोलावणं आलं आणि मी उठलो, मनात म्हटलं, बरोबरीत सुटलं. असे बरेच सोमवार गेले. बाया लांबून बघायच्या आणि हसायच्या. "शेठ आणि सर आज पण रुसलेत," असं एकजण म्हणाली ते मी ऐकलं.

एका सोमवारी मी हरलो. बोलून गेलो. काय बोललो ते इथे लिहिणार नाही. घरीही कधी काढलं नव्हतं ते. तू सल्ला दिला नाहीस, खांद्यावर हात ठेवला नाहीस. फक्त म्हणालास, "मग?" आणि त्या एका शब्दावर मी पुढचं सगळं सांगून मोकळा झालो. त्या दिवसानंतर छातीवरचा दाब कमी झाला, हे मी तुला कधी सांगितलं नाही. डॉक्टरला सांगितलं, त्याने गोळीला श्रेय दिलं.

सविताचं तर तू डोळ्यांदेखत केलंस. तू आलास तेव्हा ती सगळ्यांच्या मागे उभी राहायची, पदर तोंडाशी धरून. तू विचारलंस, "तुला या वखारीत काय करावंसं वाटतं?"

"आम्हाला काय वाटायचंय, सर. शेठला विचारा."

पुढच्या सोमवारी तू तेच विचारलंस. त्याच्या पुढच्याही. कंटाळून एकदा ती म्हणाली, मला वाशीला फोन लावायचाय. दलालाशी बोलायचंय, भाव ठरवायचाय. हे तिने स्वतःच मला येऊन सांगितलं. मी हसलो. तू लांबून विचारलंस, "हसायला काय झालं?" मग फोन द्यावा लागला.

पहिल्या दिवशी दलाल खेकसला आणि हिने फोन कापला. मग खुर्च्यांवर तुमची तालीम सुरू झाली. तू दलाल व्हायचास, ती सविता. हे मात्र सगळ्यांसमोर चालायचं.

"सर, दलाल एवढं गोड बोलत नाही. शिव्या द्या."

"मला येत नाहीत."

"मग शेठकडून शिका."

मलाही हसू आलं होतं. काही महिन्यांनी वाशीहून दलालाचा मलाच फोन. "ती बाई कोण ठेवलीय? यापुढे तुम्हीच बोला बाबा, तुम्ही परवडता." त्या वर्षी मी सविताला मुकादम केलं. तिची जाऊ सांगायची की घरीही आता तिला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. ती सरळ चालायला लागली. माणूस नवीन काहीतरी शिकला की त्याची पाठ बदलते, हे मी तुझ्यामुळे बघायला शिकलो. हे माझ्याकडून घे. पुढे जे म्हणणार आहे ते गोड नाही.

मागच्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. आधी खालून धडाम असा आवाज, सुरुंग उडवल्यासारखा, मग पत्रे थडथडणार, मग सगळं शांत. लोक म्हणाले खाण असेल, कुणी म्हणालं धरणाचं पाणी. मग कुणी काही म्हणेनासं झालं. तलासरीकडे पाड्यावरची माणसं घराबाहेर ताडपत्र्यांखाली झोपायला लागली, थंडीत, पोरंबाळं घेऊन. माझ्या बाया सकाळी जीपमधून उतरायच्या त्या न झोपलेल्या डोळ्यांनी. माल चुकीचा निवडला जायचा. मी ओरडायचो. मग आणखी चुकायचा.

तू सांगितलंस, सकाळी फळाला हात लावायच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि रात्र कशी गेली ते ज्याने त्याने सांगायचं. मी म्हटलं, "अर्धा तास गेला माझा." तू म्हणालास, करून तर बघा. एक म्हणायची, माझं पोर रात्रभर गळ्यात हात टाकून होतं. दुसरी म्हणायची, आम्ही सगळी ओळीने झोपलो होतो आणि सासू मोजत होती कोण कोण आहे ते. कधी रडायच्या, कधी हसायच्या. आणि मग कामाला लागायच्या तेव्हा हात ताळ्यावर यायचे. हे मला कबूल आहे. तेव्हाही होतं, फक्त तुला सांगितलं नाही, तू फी वाढवून मागशील म्हणून.

वखारीच्या मागच्या भिंतीला भेग गेली. मी सिमेंटने बुजवून घेतली. पुढच्या हादऱ्याला ती शेजारून पुन्हा निघाली. तू ती बोटाने चाचपून बघितलीस. "काम बाहेर झाडांखाली घेता येईल का?" मी म्हटलं, उन्हात चिकू नरम पडतो, दुपारपर्यंत निम्मा माल जाईल. तू काही बोलला नाहीस. तुझं गप्प बसणं मला आता भावाचं वाटत नव्हतं.

त्याच दिवसांत सविता गप्प झाली. कामात चूक नाही, फोनवर आवाज तोच, पण माझ्याशी कामापुरतंच. सोमवारी मात्र तुझ्या शेजारी बसून तासभर बोलायची. मला गप्प बसण्याचा एकच अर्थ येतो. ओळखलं, हिला वापीहून नोकरीचं बोलावणं आलंय, ही भाव चढवतेय. मी पगार वाढवला.

"पैशाचं नाही, शेठ."

म्हटलं, पक्की झाली आहे आता. दलालाला जे करते तेच मला करतेय. आणखी वाढवला. तिने माझ्याकडे बघितलं, बहिऱ्या माणसाकडे बघतात तसं, आणि निवडायला बसली.

मग आपला शेवटचा सोमवार. बाया जेवायला गेल्या होत्या. मी येऊन खुर्चीत बसलो आणि सरळच विचारलं, "काय म्हणते ती?"

"तिला विचारा."

"मी तुम्हाला विचारतोय. फी मी देतो."

"फी तुम्ही माझ्या वेळेची देता, वसंतराव. बोलणं तिचं आहे."

"सोडून चाललीय?"

तू बागेकडेच बघत राहिलास.

"जिवावरचं काही आहे?"

तेव्हा तू कधी केलं नव्हतंस ते केलंस. खुर्ची उचलून माझ्याकडे वळवलीस आणि माझ्या तोंडाकडे बघितलंस. तुझे ओठ काळसर दिसत होते. तेव्हा मला ते उन्हाचं वाटलं. म्हणालास, "विचारा तिला. याच आठवड्यात विचारा. आणि विचारून झालं की गप्प बसा. भाव करायला नाही, ऐकायला."

"तुम्ही सांगितलं तर काय बिघडतं?"

"मी सांगितलं तर तुम्ही माझ्याशी भांडाल. तिने सांगितलं, तर..."

ट्रकने हॉर्न दिला. मी उठलो. जाताजाता म्हटलं, "पुढच्या सोमवारी बघतो तुमच्याकडे." तू हात वर केलास. तर काय, ते राहिलं.

गुरुवारी टेम्पोवाल्याने बातमी आणली. बाया हातातले चिकू खाली ठेवून उठल्या आणि कुणालाही न विचारता मागे खुर्च्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना बोलावलं नाही.

तुझ्या घरून परत येताना मी गाडी रस्त्याकडेला थांबवली. राग उतरत होता आणि त्याच्या खालून दुसरंच काही वर येत होतं. तुझ्या बायकोला मी कोण ते माहीत नव्हतं. म्हणजे त्या सोमवारी मी जे बोललो ते तू घरात, जेवताना, सहज, कधीही काढलं नव्हतंस. माझ्या स्वभावाची गंमत सांगून बायकोला हसवलंसुद्धा नव्हतंस, आणि गंमत सांगण्यासारखी होती. माझी एक गोष्ट न उघडता तुझ्याबरोबर जळून गेली. एवढं जपून माझं काही कुणी ठेवलं नाही. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून थोडा वेळ बसलो. मग लक्षात आलं की सविताची गोष्टही तशीच जळाली.

सोमवारी मी तिला मागे बोलावलं. ती तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. मी तुझ्या खुर्चीत बसलो नाही, क्रेट उलटा करून बसलो.

"तू सरांना काय सांगितलं होतंस?"

ती चमकली. "सरांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, मी उशीर केला म्हणून त्यांनीच सांगितलं असेल. म्हणून तुमच्याशी बोलायची भीती वाटायची." मग ती बागेकडे बघत राहिली. मी जबडे आवळून बसलो. किती वेळा तोंडात शब्द आला आणि गिळला.

"शेठ, तुमचा आवाज आणि हादऱ्याचा आवाज सारखाच येतो आत. पत्र्याखाली. आधी धडाम होतं, मग पत्रे वाजतात. आधी आधी तुम्ही ओरडलात की आम्ही दाराकडे पळायला उठायचो. मग हसायचो, हे तर शेठ. मग उठायचंच सोडलं. आता खरा हादरा आला तरी बाया उठत नाहीत. मान खाली घालून निवडत बसतात. मी एकेकीला धरून उठवते. मागच्या महिन्यात मी आजारी होते तेव्हा दोनदा हललं. कुणी उठलं नाही. भिंतीपाशी माझी बहीण बसते."

मी विचारलं, "सर काय म्हणाले?"

"म्हणाले, हे शेठना तूच सांग. मी म्हटलं, सांगते, पण आधी त्यांना गप्प बसायला शिकवा."

ती जरा हसली. मग रडली. तुझ्यासाठी, मला वाटतं.

प्रभाकर, तुला हे माहीत होतं. तुझ्या अटीपायी तू ते पोटात ठेवलंस. मधल्या दिवसांत ती भिंत खाली आली असती तर? सविताच्या बहिणीवर आली असती तर तू कुठल्या खुर्चीत बसला असतास? तू म्हणशील, मी विचारा म्हणालो होतो. याच आठवड्यात म्हणालो होतो. म्हणाला होतास. मला ते पुरत नाही. आणि तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. आत जाऊन ओरडलो असतो, की हादरा आला की उठत का नाही म्हणून. तरीही पुरत नाही. हा वाद आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी घालावा लागतो, आणि तुझी बाजू मला नीट मांडता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी हललं. मी दारातच होतो. पायाखालून गेलेलं कळलं, पत्रे थडथडले, मागच्या भिंतीवरून भुकटी पडायला लागली. मी ओरडलो, "बाहेर, सगळ्या बाहेर."

एकीनेही मान वर केली नाही. भिंतीपाशी बसलेल्या दोघींचे हात उलट भरभर चालायला लागले.

मग वजनकाट्याकडून सविता पुढे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला गं." सगळ्या उठल्या. ओळीने, न ढकलता, माझ्या अंगावरून बाहेर गेल्या. मी तिथेच उभा. ती दारातून परत फिरली, "शेठ, तुम्हीपण."

बाहेर झाडांखाली त्या घोळक्याने उभ्या होत्या. मी जाऊन कडेला उभा राहिलो. तेवढ्यात जमिनीखालून पुन्हा गुरगुरलं, आणि सगळ्याजणींनी एकदम वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. ते बंद होतं.